दुधाची पातळी

वीस वर्षं मी पाणी चढवतो, उतरवतो.
नाव आत आली की मागचं दार लावायचं,
मग चाक फिरवायचं, बोटभरच,
नाहीतर ती भिंतीवर आदळते
आणि नावाडी माझ्या बापाचा उद्धार करतो.
हे कसब घरात लागेल असं वाटलं नव्हतं.

रात्रीचे तीन.
निन्केच्या नाकातून पोटात उतरलेली नळी,
गालावर चिकटपट्टी, पट्टीवर हिस्केने पेनाने काढलेला मासा.
आधी थोडं ओढून कागदावर एक थेंब.
रंग बदलला, म्हणजे नळी पोटातच आहे.
मग दट्ट्या काढायचा, सिरिंज उभी धरायची,
चाळीस मिलिलिटर.
हात वर नेला की दूध धावतं,
खाली आणला की रेंगाळतं.
माझी मुलगी माझ्या हनुवटीच्या उंचीवर जेवते.
त्याहून वर गेलो तर ओकते.

हिस्के तेवढ्यात बोट दुधात बुडवून
तिच्या ओठांना लावते.
तोंडालाही कळू दे, म्हणते, जेवण चाललंय.

काय झालंय तिला, लोक विचारतात.
हृदयाला दोन भोकं. एक शिवलं, एक राहिलंय.
गिळता येत नाही.
डावा कान ऐकत नाही, उजव्याचं नक्की नाही.
या सगळ्याला मिळून एखादं नाव असेल,
ग्रोनिंगेनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त पाठवलंय,
दोन-तीन महिने धरून चाला.
धक्क्यावर माझी वही असते, तिच्यात लिहावं लागतं:
नाव, लांबी, कुठून, कुठे.
निन्के. सेहेचाळीस सेंटिमीटर. आमच्याकडून.
पुढचा रकाना कोरा.

आमच्या गावात मूल झालं की
शेजारी अंगणात लाकडी करकोचा रोवतात,
चोचीत गाठोडं.
श्युर्डने पहिल्याच दिवशी रोवला.
मग हेलिकॉप्टरचं ऐकलं,
आणि रात्रीतून, दिवा न लावता, उपटून नेला.
मी कपडे न्यायला आलो तेव्हा गवतात
दोन भोकं दिसली. काय ते कळलं नाही आधी.
फडताळात बडीशेपेच्या गुलाबी गोळ्यांचा डबा,
टोस्टवर पेरून पाहुण्यांना द्यायच्या म्हणून आणलेला.
पाहुणे आले नाहीत. काय म्हणून येतील,
अभिनंदन म्हणायचं की दुसरं काही,
त्यांनाही ठरवता येईना.

सत्त्याण्णवाव्या दिवशी घरी आणली.
पाच खोकी, एक सिलिंडर, एक यंत्र
जे गाढ झोपेलाही धोका समजून ओरडतं.
आई फोनवर म्हणाली, घाई नाही ना केलीत?
एका रात्री ते ओरडलं आणि मी उठलो नाही.
जागा होतो.
हिस्के उठली.
सकाळी तिने कॉफी माझ्यासमोर ठेवली, नेहमीपेक्षा हळू,
आणि आम्ही त्यावर बोललो नाही, अजूनही नाही.

शनिवारी कुंपणापलीकडे श्युर्ड पानं गोळा करत होता.
म्हटलं, तो करकोचा.
माळ्यावर आहे, तो म्हणाला, बुटांकडे बघत.
आता उशीर झाला असेल, नाही?
म्हटलं, ती जन्मलीय, श्युर्ड.
चार महिने झाले, पण जन्मलीय.

तो हातोडा घेऊनच आला.
आधी जुनी भोकं शोधली, गुडघ्यावर बसून, बोटांनी.
गवताने बुजवत आणली होती.
शेवटी नवी पाडावी लागली, जरा उजवीकडे.
त्याची बायको गोळ्या पेरलेले टोस्ट खाताना रडली
आणि चुरा वेचत बसली.

आतून गजर झाला.
मी हात धुतले, बाही वर केली,
हनुवटी सरळ.