रकाना सातवा

पारडीच्या पुलाखाली, नाग नदीत
बाटली बुडवते मी. वास आता अंगवळणी पडलाय.
फॉर्म तोच, जो चितगावात भरतात,
कोलंबोतही; लिपी तेवढी वेगळी.
रकाना सातवा : समुद्रापासूनचं अंतर.

‘हे कायले पुसतेत वो म्याडम?’ मारबते हसतो,
‘अठी कोठचा समुंदर, बाप्पा!’
हसता हसता त्याच्या हातून
तर्रीपोह्यांची पन्नी निसटते,
गोल फिरते, कन्हानची वाट धरते.

पुढे वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी.
आणि मग कुणाचंच नसलेलं पाणी.

तिथं एखादी अनोळखी बाई
जाळ्यातून ती सोडवेल,
लिहील आपल्या लिपीत : उगम माहीत नाही.

मारबते चप्पल काढून गाळात उतरलाय.
पन्नी केव्हाच पुढे गेली.

मी किलोमीटर खोडते.
लिहिते : एक पावसाळा.