छाटणीच्या दिवसांत

केटरिंगच्या स्वयंपाकघरात टेबलावर फ्रान्स पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर ह्याच्या गोळ्यांची डबी,
तिसरा कोपरा मी माझ्या कोपराने दाबलेला,
चौथा सारखा गुंडाळतो.

नकाशा शेजारच्या ग्लेनिसचा, तीस वर्षांपूर्वीचा.
तिच्या कैलासवासी नवऱ्याने बर्गंडीतल्या गावागावांभोवती
पेन्सिलीने गोल काढलेत.
काहींपुढे एक चांदणी, काहींपुढे तीन,
आणि एका अगदी बारक्या गावापुढे नुसतंच:
इथे भांडलो.
"तिथेच राहा," ती म्हणाली. "जेवण चांगलं मिळतं."

हा म्हणतो, सप्टेंबर.
सप्टेंबरात घड लगडलेले असतात, ट्रॅक्टरांची वर्दळ असते,
हवेला म्हणे वास असतो.
ह्याने तक्ता केलाय: समुद्राखालचा बोगदा, टोल, मुक्काम,
जुन्या साधूंनी बांधलेली दगडी कुंपणं,
रोज दोन तळघरं.
शेवटचा रकाना: चव.
तो मी भरायचा,
कारण ह्याला डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या पेल्यावर आणलंय
आणि हा शब्दाचा पक्का.

ह्याचा पासपोर्ट निळा.
माझाही निळाच.
माझ्या निळ्याला व्हिसा लागतो.
बावीस वर्षं बदलून घेईन म्हणतेय.
हा आता विचारतही नाही,
फक्त तक्त्यात एक ओळ वाढवतो:
लंडन, सकाळची गाडी, बोटांचे ठसे.

रविवारी पोपटदादाला फोन लावला, सावळजला.
मागे फवारणीच्या पंपाची घरघर.
म्हटलं, दादा, द्राक्षांच्या मुलखात चाललोय,
सातआठशे वर्षं एकाच उतारावर बागा आहेत. काय बघू?
तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला,
"घड काय, मार्केटात बी दिसत्यात.
बाग बघायची तर उघडी बघ.
छाटणीला जा.
काडी पेन्सिलीएवढी हाय का बघ.
डोळा कुठं राखलाय बघ.
बागवानाचा हात तिथं कळतो, बाटलीत न्हाई."

आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा कापायचे.
एप्रिलात खरड छाटणी,
दसऱ्याच्या सुमाराला फळाची.
अण्णा पुढे, मी मागे, पाटी डोक्यावर,
काड्या गोळा करत.
शाळेत फळ्यावर गणित चालायचं, मला मात्र डोळेच दिसायचे:
एक, दोन, तीन, कात्री.
दुसऱ्या दिवशी कापलेल्या टोकांवर
पाण्याचा थेंब उभा राहायचा,
पडू का नको करत.
एकदा मी जीभ लावली.
कशाचीच चव नव्हती.
एवढ्या गोडीच्या आधी
झाड इतकं कोरं असतं,
हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटलंही नव्हतं.

ह्याला सांगितलं आज, नकाशावर कोपर ठेवून.
चष्मा काढून हा म्हणाला,
म्हणजे आपण एवढे पैसे घालून
वाळक्या काटक्या बघायला जायचं?
मार्चात?
थंडीत?
हो म्हटलं.
तिथे एकदाच कापतात, वर्षातून.
चुकलं तर दसऱ्याला दुरुस्त करता येत नाही.
ते कसं कापतात, मला बघायचंय.

मग ह्याने पुष्कळ वेळ नुसता चहा ढवळला.
साखर नव्हतीच त्यात.
सप्टेंबर खोडला. वर मार्च लिहिला,
आणि कंसात, बारीक: लोकरी मोजे.

रात्री व्हिसाचा फॉर्म उघडला.
नाव, जन्मस्थळ, आधी कधी नाकारला गेलाय का.
मुक्कामाचं ठिकाण: ते भांडणाचं गाव.
प्रवासाचं कारण.
पर्यटनापुढच्या चौकोनात खूण करायची होती,
पण हात खालच्या ओळीशी थांबला:
नातेवाईकांची भेट.

पुरावा मागतात त्याला. पत्र लागतं.
मी पर्यटनावरच खूण केली.
चौथ्या कोपऱ्यावर दादाने धाडलेला
बेदाण्याचा डबा ठेवला, निम्मा संपलेला.
नकाशा तरीही थोडा उचललेलाच राहिला.