सेहेचाळीस तास

समेरियमला घाई असते.
सेहेचाळीस तासांत अर्धंच उरतं,
हे ट्रॉम्बेच्या गेटवरच्या जवानाला
मी कितीदा सांगितलं असेल.
तो सावकाश गेटपास फाडायचा.

शिशाच्या काचेपलीकडच्या यांत्रिक हातांनी
बाटलीला बूच लावायला मी शिकत होते
तेव्हा घरी लेक बुटाची नाडी बांधायला शिकत होती.
तिला आधी जमलं.

सतरा संयुगं वाया गेली.
एक सशाच्या यकृतात जाऊन बसलं, एक मूत्रपिंडात.
सशांना नाव ठेवायचं नाही असा नियम होता.
आम्ही ठेवलं होतं.
अठरावं सरळ हाडाकडे गेलं,
न विचारता, घरचं असल्यासारखं.

शिशाचं भांडं मागे पट्ट्यांनी बांधलेलं,
आंगणे गाडी चालवायचे,
आणि सायनच्या सिग्नलला मी
मनात अणू मोजायचे,
जाणारे.

रोग बरा होत नाही त्याने.
हाडांचा ठणका तेवढा उतरतो.
परळच्या वॉर्डातल्या मिस्किटाबाईंनी
औषधाचं नावही विचारलं नाही.
म्हणाल्या, काल कुशीवर झोपले.

शेवटच्या दिवशी छातीवरचा बिल्ला परत केला.
तेहेतीस वर्षांचा डोस: मर्यादेत.
कारकुनाने सही घेतली.
गेटवर जवान नवा होता,
त्याने पास झटकन फाडला.