न कापलेली पानं

मोन्तेविदेओत जुलैची थंडी, रविवारचा बाजार.
एल्विरा नुसतं बघायला निघालीय,
म्हणजे पिशव्या रिकाम्या, पण दोन.

फ्रिजवर जानेवारीचा संकल्प:
चोवीस वाचायची, एकही घ्यायची नाही.
वाचून झाल्या नऊ. घेतलेली ती मोजत नाही.
रात्रपाळीत औषधाच्या गोळ्या मात्र
एकही चुकत नाही.

गंजके नळ आणि पोपटाचा पिंजरा, यांच्या मधे
एक जाडजूड कादंबरी,
छापखान्यातून आली तशी, पानांच्या घड्या जोडलेल्याच.
कुणीतरी सुरीने कापत कापत
एकशे बारापर्यंत आलं होतं
आणि थांबलं.

कंटाळलं? की गेलंच?
नळीने कडू चहा ओढत विक्रेता खांदे उडवतो,
"पुढचं कोरं आहे, बाई. भाव तोच."

लोण्याची सुरी पुसून ती बसते.
एकशे तेरा.
मांडीवर कागदाचा भुगा.
ऐंशी वर्षं या ओळींनी दिवा पाहिला नव्हता.

रोज चारच पानं, असं ठरलंय.
फ्रिजवरचे नऊ
ऑक्टोबरातही नऊच.

शेवटची घडी ती कापणार नाही बहुतेक.
पुस्तक दिव्याकडे तिरकं धरून,
एक डोळा मिटून
फटीतून वाचेल.
पुढच्याच्या सुरीलाही
काही काम हवं.