वासाची वही

पहिली नोंद क्लेमेंतीन कुलासोच्या हातची:
तीन मार्च, बांय क्रमांक चार, वास – एक.
एक म्हणजे किती, यावर तिच्या बाल्कांवात
दोन रात्री भांडण झालं होतं.

शेवटी ठरलं ते असं:
शून्य – पाणी.
एक – नव्या चपलांचं खोकं उघडल्यासारखा.
दोन – पेट्रोलपंपावर गाडीची काच खाली केल्यासारखा.
तीन – डोळे चुरचुरतात, दोर सोडून बाजूला व्हा.

वास्कोच्या बंदरापासून टेकडीवरच्या टाक्यांपर्यंत
तेलाचा पाइप आमच्या पायाखालून जातो,
कुणाच्या केळीखालून, कुणाच्या न्हाणीखालून.
नकाशा मागितला तेव्हा कंपनीने दिला,
त्यात आमची घरं नव्हती.
एक ठळक रेघ
आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरा कागद.

मी तीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले.
दिसला तो आकडा लिहिला, नगरसेवकाच्या घरचासुद्धा.
म्हणून वही माझ्याकडे.
नाक मात्र बाशीलचं.
बाशील तार्वटी, सतरा वर्षं तेलाच्या जहाजांवर.
पोहरा नाकाखालून नुसता नेई आणि सांगे,
नाफ्ता. डिझेल न्हय.

सुनावणीच्या सभागृहात थंडी एवढी
की प्रेमावती चोडणकरने पदर कानांवरून घेतला.
साहेब म्हणाले, प्रमाण मर्यादेत आहे.
तिने पिशवीतून बाटली काढून
टेबलावर, गुलाबांच्या शेजारी ठेवली.
मर्यादेत आहे ना, मग घ्या एक घोट.
कुणी हसलं नाही.
शिपायाने बाटली उचलली खरी,
पण ठेवायची कुठे ते त्याला कळेना,
सभा संपेपर्यंत तो ती धरून उभा.

मग कागद झाला:
दाबाचे आकडे दर महिन्याला ते आम्हाला देणार,
वहीची नक्कल आम्ही त्यांना.
आकडे येऊ लागले, इस्त्री केल्यासारखे.
आमच्या वहीतही शून्य, शून्य, शून्य,
त्रेचाळीस दिवस.
चवथीची पत्री त्याच पाण्याने धुतली.
समितीच्या बैठकीला चार माणसं आली,
त्यातलं एक चावी द्यायला.

चवथ सरता सरता वाळपईहून प्रेमावतीची भाची आली,
शर्वाणी, वय नऊ.
दप्तर खांद्यावरच, पाय धुवायला बांयीवर गेली
आणि दोर सोडून बाजूला झाली.
मावशी, इथे गाडी कोण धुतंय?

बाशीलने पोहरा घेतला.
खूप वेळ हुंगत राहिला,
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून,
मग डोळे मिटून.
म्हणाला, मला पाणीच येतंय रे.
इतका म्हातारा तो मला आधी दिसला नव्हता.

क्लेमेंतीन म्हणाली, पानं फाड.
मीटर वाचणारा खाडाखोड करत नाही.
त्रेचाळीस शून्यं तशीच ठेवली,
प्रत्येकापुढे लाल शाईने लिहिलं:
नाक सरावलेलं.
खाली नवी ओळ आखली.
दोन लिहू की तीन, मी पोरीला विचारलं.
मोठा कुठला? ती म्हणाली. तो लिहा.
नोंदवणाराच्या रकान्यात तिने नाव काढलं,
शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

कंपनीला नक्कल पाठवली. उत्तर यायचंय.

तोवर आम्ही पाळ्या लावल्यात:
दर आठवड्याला एका घरी
लांबचा कुणीतरी जेवायला बोलवायचा.
गेल्या रविवारी कुळ्ळ्याचा जावई आला,
ईसवण तळत होतं, तो चुलीकडे बघत होता,
आम्ही सगळे त्याच्याकडे.
आल्यागेल्याला आधी पाणी विचारावं
ही रीत काही नवी नाही.
पोहरा वर आला, काठोकाठ.
मी वही उघडली.