सादळणे

टूसॉनला आज पारा एकशे बारा.
पेट्रोलपंपाच्या काउंटरवरचा रुबेन म्हणतो, "पण कोरडी आहे ना!"
रोज म्हणतो, दिलासा द्यावा तसं.
भट्टीसुद्धा कोरडीच असते,
हे मी रोज गिळते.

स्टिअरिंग धरायला ओव्हनचे हातमोजे,
पट्ट्याचं बक्कल तरी मांडीला डागतंच.
चादरीला शेवटचा चिमटा लावेपर्यंत
तिचं पहिलं टोक कडकडीत.
घाम येतो म्हणतात. मला तो कधी भेटलेला नाही.
फक्त संध्याकाळी, काळ्या कुर्त्याच्या पाठीवर
कुठल्याशा देशाच्या सीमेसारखी
मिठाची पांढरी रेघ.

ह्यूस्टनहून शालनचा फोन.
"तुझं बरंय बाई," तिची सुरुवातच अशी.
"इथे ब्याण्णवच आहे, पण जीव घुसमटतो.
दुकानातून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा.
आंघोळ करून अंग पुसावं, तर पुसतेय काय,
पाणी की घाम?
बाथरूमचं दार फुगलंय, जेरल्ड खांद्याने ढकलतो.
चपलांना बुरशी. पासपोर्टलासुद्धा."
मी म्हणते, माझ्या टाचा बघ,
नाकातून रक्त येतं,
कोथिंबीर ओट्यावर विसरले तर तासाभरात चहापत्ती.
अशा आम्ही बहिणी, आपापला उन्हाळा
चढ्या भावाने विकत बसतो.

मे महिन्यात तिला फेण्या पाठवल्या होत्या.
इथे एका दुपारीत वाळलेल्या,
टिचकी मारली की वाजणाऱ्या,
वेंगुर्ल्याच्या अंगणात आईला कधी जमल्या नाहीत अशा.
काल तिने डबा उघडला.
"अगं, सादळल्या सगळ्या."

सादळल्या.
मी फोन कानाला लावून तशीच उभी.
नऊ वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून गेला नव्हता.
इथे काही सादळतच नाही,
पोहे नाहीत, पापड नाहीत, काडेपेटी नाही.
आमच्याकडे तर माणसंही सादळायची,
जेवण झाल्यावर, बोलता बोलता, पडवीत.
वापरात नसलेला शब्द वाळून
कुठे गळून पडला असेल,
आवाजसुद्धा आला नाही.

"आहेस ना गं?"
"आहे."
मग ती जेरल्डच्या तपासण्यांचं बोलली. थोडंच.
तिचा आवाज कसा झाला होता, ते सांगत नाही.
शब्द आत्ताच परत मिळालाय,
लगेच खर्च करायचा नाही.

ती मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते.
मी रात्री उशाशी पाण्याचं भांडं ठेवते,
हवेने ते प्यावं, माझा घसा सोडावा.
सकाळी पाणी बोटभर उतरलेलं असतं.
"कोण पितं गं ते?" शालन विचारते.
"ये की एकदा," मी म्हणते,
"जागून बघू दोघी."