डावी भुवई

चिंध्या रात्रभर भिजत घालायच्या, पिठाच्या खळीत.
सकाळी साच्यावर एकेक थर.
पिराएउसच्या या गल्लीत मुखवटे करणारा मी एकटाच उरलोय,
म्हणून फानोस्त्रातोस स्वतः आला, नवं नाटक सांगायला.
बंदराचा राखणदार पाहिजे, म्हणाला.
मुलाचं जहाज समोर दिसतंय, जहाजावर रोगराई,
आणि हा साखळीपाशी उभा.
साखळी सोडली तर गाव मरतं,
नाही सोडली तर मुलगा.
चेहरा एकच कर. दुसरा खर्चात बसत नाही.

मी विचारलं, यात चुकलं कोणाचं?
तो हसला.
चुकलं असतं तर प्रहसन लिहिलं असतं.

तर डावी भुवई वर चढवली, तिच्यावर तीन आठ्या,
उजवी सपाट, हिशेबाच्या पाटीसारखी.
नटानं समुद्राकडे डावा गाल करायचा,
गावाकडे उजवा.
तोंड मात्र मधोमध. तिथंच घोडं अडलं.
ज्या तोंडानं पोराला हाक मारायची
त्याच तोंडानं नाही म्हणायचं.
सतरा वेळा ओलं प्लास्टर खरवडून काढलं.

ख्रिसिल्ला चिंध्या फाडून देत होती.
शेवटचं कापड तिनं फाडलं नाही,
नुसतं पुढे केलं.
दिओक्सिप्पोसचा अंगरखा,
खाऱ्या पाण्यानं पापडासारखा कडक.

वर माळ्यावर, जवाच्या पोत्यांमागे,
तो अकरा दिवस खोकला दाबत होता.
आरमारातून पळालेल्यांची नावं
चौकात चुना फासलेल्या फळीवर लिहितात, कोळशानं.
लपवणाऱ्या घराचंही.
त्याच्या जागी वल्हं ओढायला
समोरच्या विधवेचा पोरगा गेलाय.
ती रोज सकाळी मला विचारते,
बंदरावरून काही कळलं का.

नाटकाच्या दिवशी मी अगदी वरच्या बाकावर,
गालात ऑलिव्हची बी.
साखळीची वेळ आली.
नट वळला.
समुद्राकडे नाही, गावाकडे नाही.
आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.
माझा दीड महिना, भुवई, आठ्या, ते तोंड,
सगळं मागच्या लाकडी भिंतीला दिसलं.
आणि एवढी माणसं खायचं थांबवून
एका पाठीकडे बघत बसली.
शेजारचा मासळीवाला हुंदके द्यायला लागला.
मला आधी राग आला.
मग घाम.

त्याच रात्री दार वाजलं.
दोनदा. सरकारी हाताचं.
माळ्यावरचा खोकला थांबला.
ख्रिसिल्ला चुलीपाशी, हातात पळी तशीच,
पळीतून आमटीचे थेंब राखेत.
मी उठलो, दाराकडे गेलो.

त्या वेळी माझा चेहरा कसा होता,
अजूनही कधीकधी विचारतो तिला.
मला काय माहीत, म्हणते,
मला तर पाठच दिसली.